आयसीयूतल्या रुग्णाच्या स्नायूंना विद्युत उत्तेजन: कुणाला, कसं आणि कधी थांबवायचं

व्हेंटिलेटरवर असलेल्या, शुद्धीवर नसलेल्या रुग्णाच्या मांड्या डोळ्यांदेखत वाळत जातात. ही नुसती निरीक्षणाची गोष्ट नाही. ब्रिटनमधल्या ६३ गंभीर रुग्णांच्या मांडीचं सोनोग्राफीने मोजमाप केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात मांडीच्या पुढच्या भागातल्या रेक्टस फेमोरिस या स्नायूचा छेद दहाव्या दिवसापर्यंत सुमारे १८ टक्क्यांनी घटलेला आढळला. ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते, त्यांच्यात घट आणखी जास्त होती. आजार बरा होतो, नळी निघते, आणि मग कळतं की रुग्णाला पाय उचलता येत नाही.

स्नायूंना बाहेरून करंट देऊन आकुंचन घडवायचं, म्हणजेच न्यूरोमस्क्युलर इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन, हा या काळासाठीचा एक उपाय. हा लेख प्रामुख्याने आयसीयूत काम करणारे फिजिओथेरपिस्ट, परिचारिका आणि निवासी डॉक्टर यांच्यासाठी आहे. नातेवाइकांनीही वाचायला हरकत नाही, पण करंट द्यायचा की नाही हा निर्णय उपचार करणाऱ्या टीमचाच असतो.

आधी दुखणं समजून घेऊ

आयसीयूतला अशक्तपणा नुसता पडून राहिल्याने येत नाही. सेप्सिससारख्या, म्हणजे संसर्गामुळे अवयव बिघडण्याच्या आजारात शरीरभर दाह असतो, स्नायूंमधली प्रथिनं तुटण्याचा वेग नवी बनण्याच्या वेगापेक्षा वाढतो, आणि नसा व स्नायूंचं आवरण विद्युत संदेशांना नीट प्रतिसाद देईनासं होतं. गंभीर आजारात नसाच अशा बिघडतात, याचं वर्णन कॅनडातले न्यूरॉलॉजिस्ट चार्ल्स बोल्टन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये केलं. अनेक अवयव निकामी होणं, दीर्घ व्हेंटिलेशन आणि वाढलेली रक्तशर्करा यांचा या अशक्तपणाशी संबंध पुन्हा पुन्हा दिसला आहे. स्टेरॉइड आणि स्नायू शिथिल करणारी औषधं यांच्याकडेही बोट दाखवलं जातं.

करंट यातल्या एकाच कडीवर काम करतो, हालचालीच्या अभावावर. दाह, साखर, पोषण आणि गुंगीची मात्रा सांभाळलेली नसेल, तर मशीन कितीही चांगलं असलं तरी त्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

आणखी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवायची. त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोड पॅडमधून जाणारा करंट थेट स्नायूला आकुंचित करत नाही. तो स्नायूत शिरणाऱ्या नसेच्या बारीक फांद्यांना चेतवतो, नस संदेश पुढे देते आणि मग स्नायू आवळतो. म्हणजे नस शाबूत हवी, नस आणि स्नायूमधला जोड चालू हवा आणि स्नायूने प्रतिसाद द्यायला हवा. करंट देऊनही पाय हलत नसेल, तर ही साखळी कुठे तुटली आहे हेच शोधायचं असतं.

पुरावा काय सांगतो

इथे उत्साह थोडा आवरावा लागतो. अथेन्समधल्या १४० रुग्णांच्या अभ्यासात (२०१०) दाखल झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज दोन्ही पायांना उत्तेजन दिलं. शेवटी ज्यांची ताकद तपासता आली, त्यांत उत्तेजन मिळालेल्या २४ पैकी ३ जणांना आणि न मिळालेल्या २८ पैकी ११ जणांना नसा-स्नायूंचा हा आजार आढळला. नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात कोमातल्या सहा रुग्णांच्या एकाच पायाला करंट दिला. दुसऱ्या पायातले स्नायुतंतू बारीक झाले, करंट दिलेल्या पायातले टिकले. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या, अंथरुणाला खिळलेल्या २४ रुग्णांवरच्या २००३ च्या इटालियन अभ्यासात व्यायामाला करंटची जोड मिळालेले रुग्ण पलंगावरून खुर्चीत सरासरी साडेतीन दिवस आधी आले.

आता दुसरी बाजू. सेप्टिक शॉकमधल्या, म्हणजे सेप्सिसमुळे रक्तदाब कोसळलेल्या पुरुषांच्या एका मांडीला आठवडाभर रोज उत्तेजन देऊनही सीटी स्कॅनवर दोन्ही मांड्यांत फरक दिसला नाही. फ्रान्समधल्या ३१४ रुग्णांच्या चाचणीत (२०१८) नेहमीच्या लवकर सुरू केलेल्या पुनर्वसनाला पलंगावरची सायकल आणि मांडीचं विद्युत उत्तेजन जोडलं, पण आयसीयूतून बाहेर पडताना एकूण ताकदीत फरक पडला नाही.

हे निकाल एकमेकांना खोडतात असं मला वाटत नाही. बेल्जियममधल्या एका अभ्यासात ५० रुग्णांना करंट दिला, तेव्हा जवळपास निम्म्यांमध्येच पुरेसं आकुंचन झालं. सेप्सिस असलेले, रक्तदाब वाढवणाऱ्या औषधांवर असलेले आणि पायांना सूज असलेले रुग्ण प्रतिसाद न देणाऱ्यांत अधिक होते. म्हणजे ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांचेच स्नायू करंटला सर्वांत कमी दाद देतात. आणि ज्यांना आधीच चांगलं सक्रिय पुनर्वसन मिळतंय, त्यांना करंटमधून वेगळं असं फार मिळत नाही. या दोघांच्या मधे एक गट उरतो. स्वतः हलू न शकणारा, पण ज्याचे स्नायू अजून आवळतात असा. माझ्या मते ही पद्धत त्या गटासाठी आहे.

पायरी १: रुग्ण निवडा

अजून दोन-तीन दिवस तरी व्हेंटिलेटर लागेल असं दिसतंय, गुंगीमुळे किंवा मेंदूच्या आजारामुळे सूचना पाळता येत नाहीत, आणि आजाराआधी रुग्ण स्वतःच्या पायांवर चालत होता, असा रुग्ण योग्य. जो आज पलंगाच्या कडेला बसू शकतो, त्याला आधी बसवा. करंटचं मशीन आणण्यात त्याची बसायची वेळ गेली तर तो तोटाच.

सुरुवात पहिल्या ४८ तासांच्या आसपास, रक्तदाब स्थिरावल्यावर. स्नायूंची झीज पहिल्याच आठवड्यात जोरात असते, म्हणून ‘आधी बरे होऊ द्या, मग बघू’ हा हिशोब इथे चुकतो.

पायरी २: कुणाला देऊ नये

- पेसमेकर किंवा आयसीडी (हृदयाची घातक लय झटका देऊन सुधारणारं यंत्र) बसवलेले. हृदय शस्त्रक्रियेनंतर छातीतून बाहेर आलेल्या तात्पुरत्या पेसिंगच्या तारा असलेले रुग्णही यातच येतात, आणि त्यांचा विसर पटकन पडतो.
- त्याच पायात रक्ताची गुठळी असल्याचं निदान किंवा दाट शंका.
- त्या जागी स्थिर न केलेलं फ्रॅक्चर, उघडी जखम, भाजणं, त्वचेचा संसर्ग किंवा गाठ.
- स्नायू विघटनाचा आजार, म्हणजे ऱ्हॅब्डोमायोलिसिस. सीपीके (स्नायूंच्या इजेने रक्तात वाढणारं एन्झाइम) झपाट्याने चढत असेल तर थांबा.
- आटोक्यात नसलेले झटके आणि गर्भारपण.
- गिलाँ-बारे (नसांचा) किंवा मायस्थेनिया (नस-स्नायूंच्या जोडाचा) यांसारखा आधीपासूनचा नसा-स्नायूंचा आजार. इथे न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय काही करू नये.

प्लेटलेट खूप कमी असणं, कवटीतला दाब वाढलेला असणं किंवा मांडीत ईसीएमओची (शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणाऱ्या यंत्राची) नळी असणं या परिस्थितीत वरिष्ठ डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाचं इन्फ्युजन चालू असताना करंट देणं निव्वळ निरर्थक आहे. नस आणि स्नायूमधला जोडच औषधाने बंद केलेला असतो. इन्फ्युजन थांबल्यावर ट्रेन ऑफ फोर तपासणीत (नसेला लागोपाठ चार झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद पाहतात) चारही झटके परत आले की मगच सुरुवात करा.

पायरी ३: त्या दिवसाची तपासणी

काल दिलं म्हणून आज द्यायचंच असं नाही. सरासरी रक्तदाब ६५ च्या वर टिकलाय का, ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या वर आहे का, गेल्या काही तासांत नॉरएड्रिनॅलिन या रक्तदाब वाढवणाऱ्या औषधाची मात्रा वाढवावी लागली का, नवं ॲरिदमिया, म्हणजे हृदयाच्या लयीतला बिघाड आहे का, हे पाहा. युनिटचे स्वतःचे ठरलेले आकडे असतील तर तेच पाळा. ज्यांच्या हातात रुग्ण आहे त्या परिचारिकेला विचारूनच वेळ ठरवा. ड्रेसिंग, डायलिसिस आणि स्कॅन यांच्या मधे सापडलेली शांत पाऊण तासाची जागा तिलाच ठाऊक असते.

पायरी ४: मशीन आणि सेटिंग

टेन्सचं मशीन आणि हे मशीन एक नव्हे. टेन्स वेदना कमी करण्यासाठी असतं आणि त्यात मुंग्या येण्याइतकाच करंट अपेक्षित असतो. आपल्याला स्नायू पूर्ण आवळायला हवा.

फ्रीक्वेन्सी ३५ ते ५० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा. फार कमी केली तर स्नायू सलग आवळण्याऐवजी नुसता फडफडतो, फार वाढवली तर लवकर थकतो. पल्सची रुंदी ३०० ते ४०० मायक्रोसेकंद. लहरीचा प्रकार दोन्ही दिशांना सारखा वाहणारा, म्हणजे सिमेट्रिकल बायफेजिक, कारण एकाच दिशेच्या करंटने त्वचा भाजण्याचा धोका वाढतो. करंट हळू चढावा आणि हळू उतरावा, म्हणून रॅम्प पाऊण ते एक सेकंद.

अथेन्सच्या अभ्यासातलं सेटिंग होतं ४५ हर्ट्झ, ४०० मायक्रोसेकंद, १२ सेकंद चालू आणि ६ सेकंद बंद. सुरुवातीचा आणि शेवटचा हलका भाग धरून एकूण ५५ मिनिटं. यात विश्रांती फार कमी आहे. बाहेरून दिलेला करंट दर वेळी त्याच त्या, पॅडजवळच्या तंतूंना एकदम कामाला लावतो. आपण स्वतः हालचाल करताना शरीर तंतूंची पाळी बदलत राहतं, इथे ती सोय नाही. म्हणून पहिल्या एक-दोन दिवशी मी ५ ते ६ सेकंद चालू आणि त्याच्या दुप्पट बंद, असं २० ते ३० मिनिटं देण्याच्या बाजूचा आहे. शेवटच्या मिनिटांतही आकुंचन पहिल्याइतकंच दिसत असेल तर विश्रांती कमी करत, वेळ वाढवत जा.

पायरी ५: पॅड लावणं

त्वचा साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. तेल किंवा लोशन लावलेलं असेल तर पॅड धरत नाही. केस दाट असतील तर क्लिपरने कापा, वस्तरा फिरवू नका. वस्तऱ्याच्या बारीक ओरखड्यांतून करंट एकवटतो आणि तिथेच चटका बसतो. प्रत्येक रुग्णाचे पॅड वेगळे, नाव घालून त्याच्याच पिशवीत ठेवलेले.

मांडीसाठी मोठे पॅड घ्या, साधारण ५ बाय ९ सेंटिमीटरचे. गुडघ्याखाली छोटी उशी देऊन पाय किंचित वाकवा. एक पॅड जांघेच्या रेषेखाली तळहाताएवढं अंतर सोडून, मांडीच्या पुढच्या आणि थोड्या बाहेरच्या बाजूला. दुसरा गुडघ्याच्या वर आतल्या बाजूला, जिथे व्हास्टस मेडियालिस या मांडीच्या आतल्या स्नायूचा फुगवटा असतो. दोन चॅनल मोकळे असतील तर आतल्या आणि बाहेरच्या स्नायूला स्वतंत्र जोडी लावा, आकुंचन अधिक भरीव मिळतं. जांघेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) किंवा डायलिसिसची नळी असेल तर ड्रेसिंगपासून पॅड लांब ठेवा. एका चॅनलचे दोन पॅड दोन वेगळ्या पायांवर कधीही लावू नका, आणि छातीवर तर नाहीच.

नडगीसाठी लहान पॅड. पहिला गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) डोक्याच्या जरा खाली. दुसरा नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या स्नायूवर. पाऊल वर उचललं गेलं पाहिजे. ही जागा मला दुसऱ्या कारणासाठीही महत्त्वाची वाटते. बाहेरच्या बाजूला पाय कलंडून पडलेल्या रुग्णाची पेरोनियल नस फिब्युलाच्या डोक्याशी दाबली जाते. मांडी चांगली आवळतेय, दुसरं पाऊलही उचललं जातंय, पण हे एकच पाऊल ढिम्म, असं दिसलं तर फूट ड्रॉपची, म्हणजे नस दुखावून पाऊल लोंबकळण्याची शंका घ्या, पायाची ठेवण बदला आणि डॉक्टरांना कळवा.

पायरी ६: करंट किती

बाकी सगळं याच पायरीवर तोललेलं आहे. मशीनवरचा मिलिअँपिअरचा आकडा म्हणजे डोस नव्हे. दिसलेलं आकुंचन हा डोस. एका रुग्णाला ३० मिलिअँपिअरला गुडघा सरळ होईल, सुजलेल्या पायाच्या दुसऱ्याला दुप्पट देऊनही फक्त बोटाला जाणवेल.

शून्यापासून सुरू करा. करंट चालू असतानाच्या काळात थोडा थोडा वाढवा, बंद असताना कधीही वाढवू नका, नाहीतर पुढचा झटका अचानक बसतो. एक हात मांडीवर ठेवा, नजर गुडघ्याच्या वाटीवर. आधी स्नायू बोटाखाली कडक लागतो, मग त्वचेखाली आवळलेला दिसतो, मग वाटी वर सरकते, मग टाच उचलली जाते. निदान दिसेल असं आकुंचन गाठायचंच. सोपी नोंद पुरते: ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे हाताला लागतं, २ म्हणजे दिसतं, ३ म्हणजे सांधा हलतो. डाव्या-उजव्या पायाची नोंद वेगवेगळी करा. १ वर अडकलेला अर्धा तास ‘उपचार दिला’ म्हणून चार्टवर लिहू नये.

स्नायू थकला की दहा-पंधरा मिनिटांनी तोच करंट कमी काम करतो. त्यामुळे मशीन लावून दुसऱ्या पलंगाकडे निघून जाणं परवडत नाही. अधूनमधून हात लावून करंट वाढवावा लागतो.

रुग्ण गुंगीत आहे म्हणजे त्याला दुखत नाही असं नाही. कपाळाला आठ्या, व्हेंटिलेटरशी झगडणं, अंग ताठरणं, नाडी आणि रक्तदाब एकदम चढणं याकडे लक्ष द्या. सीपीओटी ही वेदनेची मोजपट्टी ८ पैकी असते, ती ३ किंवा वर गेली तर करंट उतरवा. आणि हो, गुंगीतल्या रुग्णालाही आधी सांगा: ‘काका, आता मांडीला करंट लागेल, पाय आपोआप आवळेल.’ ऐकू येत असण्याची शक्यता आपल्याला वाटते त्याहून मोठी असते.

पायरी ७: चालू असताना

पहिली पाच मिनिटं पलंगाजवळून हलू नका. ईसीजीवर करंटच्या तालात वेडीवाकडी रेघ उमटू शकते आणि मॉनिटर अलार्म देतो. घाबरण्याआधी धमनीतल्या रक्तदाबाची किंवा पल्स ऑक्सिमीटरची लहर पाहा. ती शांत असेल आणि रेघ करंट थांबताच सरळ होत असेल, तर ती मशीनची करामत. लहरही बिघडली असेल किंवा दाब उतरत असेल, तर करंट ताबडतोब बंद आणि आधी रुग्ण.

संपल्यावर तीव्रता शून्यावर आणून मगच पॅड काढा. खालची त्वचा हलकी गुलाबी असेल तर थोड्या वेळात निवळते. फोड, ठळक लाल ठिपके किंवा कडेने चटका दिसला तर बहुतेक वेळा पॅड वाळलेला असतो किंवा कोपरा सुटलेला असतो. पॅड बदला, आणि त्या जागेला विश्रांती द्या.

आकुंचन येतच नसेल तर

या क्रमाने बघा. मशीन चालतंय का? लीड स्वतःच्या हातावर लावून तपासता येतात. पॅड ताजे आहेत का? जागा एक-दोन सेंटिमीटर हलवून पाहिली का? स्नायूत नस शिरण्याचा बिंदू माणसागणिक सरकतो, आणि नुसत्या एवढ्याने अनेकदा काम होतं. सूज असेल तर पाय उंच ठेवून, हलका दाब देऊन पुन्हा बघा. मग पल्सची रुंदी ४०० ते ५०० मायक्रोसेकंदांपर्यंत वाढवा. त्यानंतर औषधांचा कागद वाचा, शिथिल करणारं औषध किडनी बिघडलेल्या शरीरात रेंगाळत असेल.

हे सगळं करूनही शून्य असेल, तर करंट वाढवत नेऊ नका. नोंद करा, डॉक्टरांना सांगा आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासा. सेप्सिस ओसरला, सूज उतरली की तोच स्नायू कधीकधी जागा होतो. तोवर सांधे हलवणं, पायाची ठेवण आणि कूस बदलणं चालू ठेवायचं.

उपयोग होतोय का, हे कसं कळणार

मांडीचा घेर टेपने मोजू नका. सूज चढली-उतरली की आकडा बदलतो आणि स्नायू कुठेच दिसत नाही. युनिटमध्ये सोनोग्राफी असेल तर ठरलेल्या एकाच जागी, खूण करून, रेक्टस फेमोरिस मोजा.

खरी परीक्षा रुग्ण जागा झाल्यावर. आधी पाच सूचना द्या: डोळे उघडा-मिटा, माझ्याकडे बघा, तोंड उघडून जीभ काढा, मान हलवा, भुवया उंचवा. या जमल्या तर एमआरसी स्कोर, म्हणजे स्नायूंच्या ताकदीचे गुण घ्या. दोन्ही बाजूंच्या खांदा, कोपर, मनगट, मांडी, गुडघा आणि घोटा या हालचालींना प्रत्येकी ० ते ५ गुण, एकूण ६०. ४८ च्या खाली बेरीज म्हणजे आयसीयूमुळे आलेला लक्षणीय अशक्तपणा. हाताची पकड डायनामोमीटर या जोर मोजणाऱ्या उपकरणाने मोजत असाल तर पुरुषांत ११ किलो आणि स्त्रियांत ७ किलोच्या खालचा आकडा तेच सुचवतो.

कधी थांबवायचं

रुग्ण सूचना पाळू लागला की करंटची भूमिका बदलते. ‘करंट येईल तेव्हा तुम्हीही गुडघा खाली दाबा’ असं सांगून त्याचा स्वतःचा जोर त्यात मिसळा. रुग्णाला स्वतःहून टाच उचलता आली, म्हणजे गुडघ्याची ताकद ३ झाली, की मशीनचा वेळ बसणं, उभं राहणं आणि पावलं टाकणं यांना द्या. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत लवकर फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी मिळालेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून जाताना स्वतःची कामं स्वतः करत होते, दुसऱ्या गटात ३५ टक्के. मात्र ‘जितकं लवकर आणि जितकं जास्त तितकं चांगलं’ असंही नाही. २०२२ मधल्या ७५० रुग्णांच्या ‘टीम’ (TEAM) नावाच्या चाचणीत नेहमीपेक्षा जास्त सक्रिय हालचालीचा फायदा झाला नाही, उलट त्रासदायक घटना वाढल्या. रुग्णाला झेपेल तेवढंच.

नातेवाईक विचारतात: घरी मशीन घेऊ का?

वॉर्डात गेल्यावर किंवा घरी सोडताना हा प्रश्न हमखास येतो. रुग्ण खुर्चीतून आधाराने उठू शकत असेल तर बहुतेकांना मशीनची गरज नसते. दिवसातून चार-पाच वेळा उठबस, थोडं चालणं आणि जेवणात पुरेसं प्रथिन यावर भर द्या. उठताच येत नसेल, किंवा सीओपीडीसारख्या आजारात थोड्या हालचालीनेही धाप लागत असेल, तर घरी मशीन उपयोगी पडू शकतं. मग फिजिओथेरपिस्टकडून पॅडच्या जागांवर त्वचेच्या पेनने खुणा करून घ्या, सेटिंग कागदावर लिहून घ्या आणि पहिलं सत्र त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा. पायाला बधिरपणा असेल तर प्रत्येक सत्रानंतर त्वचा उजेडात तपासा. पोटरी एका बाजूला सुजली, गरम झाली किंवा दुखू लागली तर करंट देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.